डायलिसिसबाहेरचं बाकडं

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आमची लेक दोन वर्षांची होती. तो सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणायचा. ते काम सुटलं आणि दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. लेकीला सांभाळायला कुणी नव्हतं. सासूबाई मंगळवेढ्याला, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी अडकलेल्या. म्हणून मी तिला कडेवर घेऊनच दवाखान्यात जायची. आत तो मशीनवर, बाहेर बाकड्यावर आम्ही दोघी.

सुरुवातीला ती फार रडायची. सिस्टर दारातून डोळे वटारायच्या. एकदा मी मोबाईलवर गाणी लावून दिली. ती गप्प झाली आणि कितीतरी दिवसांनी मला भिंतीला डोकं टेकता आलं. मग घरीही तेच होऊ लागलं. त्याला उलट्या सुरू झाल्या, की तिला मोबाईल. त्याच्या पायांवरची सूज वाढलेली दिसली, की मोबाईल. मी जितकी घाबरलेली, तितका वेळ तो तिच्या हातात. हे मला तेव्हाही दिसत होतं.

सासूबाई मधे सासऱ्यांना शेजाऱ्यांवर सोपवून दोन-चार दिवस आल्या. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोरगी हाक मारली तर वळून बघत न्हाय. बोलत बी न्हाय."

"बोलेल की. काही पोरं उशिरा बोलतात."

"तिच्यासंगं बोलतंय कोण ह्या घरात?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तव्यावरची भाकरी उलटली.

उन्हाळ्यात एका दुपारी नवरा न्हाणीच्या दारात कोसळला. डोळे फिरलेले, अंगाला झटके. घरात मोबाईल एकच, आणि तो लेकीच्या हातात. मी ओढला तशी ती किंचाळली, माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी तिची बोटं जोर लावून सोडवली. मी अँब्युलन्सवाल्याला पत्ता सांगत होते आणि ती माझा पदर ओढत मोबाईलसाठी आकांत करत होती. बाप शेजारीच पडला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. पहिलं विचारलं ते तिचंच.

"घाबरली असंल, न्हाय?"

"व्हय," मी म्हणाले. "लई रडली तुमच्यासाठी."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. चेहरा मोकळा झाला. पुढं पावसाळा संपायच्या आत तो गेला.

सासूबाई आम्हाला मंगळवेढ्याला घेऊन गेल्या. लेकीला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी मोबाईल बंद करायला आणि तिच्याशी सतत बोलायला सांगितलं होतं. सासूबाईंनी तो कपाटात कुलूप लावून ठेवला. लेक जमिनीवर डोकं आपटायची, जेवण फेकायची. मी तिच्यापुढं बसून बोलत राहायची: हे ताट, ही शेळी, हे ऊन. आतून मी पार रिकामी झाले होते, तरी तोंड चालू ठेवायचं.

एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते. तिनं माझा हात ढकलला आणि माझ्या डोळ्यांत बघून अगदी स्पष्ट म्हणाली, "जा."

चुलीपाशी सासूबाईंचा हात थांबला. "बोलली की," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

मी खाली पडलेली फणी उचलली आणि तिथंच बसून राहिले.