कापसाचे बोळे

सात रस्त्याजवळच्या त्या फोटोवाल्यांकडे आम्ही तिघी बहिणी एकेक करून गेलो, स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. आमचे सगळ्यांचेच गाल बसलेले, जबड्याची हाडं वर आलेली. फोटोवाले कापसाचे दोन बोळे पुढे करायचे. "गालात धरा, बाई. चेहरा भरून दिसतो." आणि बोळे तोंडात घालेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. कधी वळून बघितलं नाही.

तो फोटो झाला की बोळे काढायला लावून आणखी एक काढायचे. थोरल्या ताईच्या वेळी आईने विचारलं, "हा कुणाला पाठवायचा?"

"कुणालाच न्हाय. ह्यो तुमी ठिवा. लेक कशी हाय ते घरात ऱ्हावं की."

ताई पहिल्या बाळंतपणात गेली. सासरच्यांनी भरल्या गालांच्या फोटोला हार घातला होता. त्याच्याकडे बघून आईला रडूही आलं नाही. घरी येऊन तिने पेटीतला दुसरा फोटो काढला आणि मला बरोबर घेऊन तो मोठा करायला फोटोवाल्यांकडे नेला.

त्यांनी तो हातात घेतला, ओळखला, आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.