हनीफभाऊंनी घेतलेली परीक्षा

हनीफभाऊ गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. दहावीवर दुसरा तास चालू होता, फळ्यावर वर्गसमीकरण अर्ध्यावर होतं आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला. तासाला फोन बघायचा नाही हा नियम माझाच, तो मीच मोडला. आपल्या शाळेचे निवृत्त कारकून हनीफभाऊ यांचं आज पहाटे कुरखेड्याला राहत्या घरी निधन झालं, एवढाच मजकूर होता, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी गणित पूर्ण केलं, उत्तराचा ताळाही पोरांकडून करून घेतला, आणि मग व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. माझं रडू कायम उशिरा येतं आणि भलत्याच ठिकाणी येतं. या वेळी ते चार दिवसांनी, कार्यालयात स्टेपलरची पिन शोधताना आलं, आणि नवा कारकून बिचारा घाबरून पाणी घेऊन धावला. आता या गोष्टीला पाच आठवडे झाले. जरा शांतपणे लिहिता येईल असं वाटतं.

आमची शाळा कुरखेड्यापासून पंधरा-वीस किलोमीटर आत, धानाच्या बांध्यांच्या पलीकडे जंगल सुरू होतं तिथं. मी मूळची वरोऱ्याची, कापूस-सोयाबीनच्या मोकळ्या मुलखातली. इथं रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी हनीफभाऊंनी माझा रुजू अहवाल दोनदा परत केला. एकदा तारीख वरच्या कोपऱ्यात होती, खाली पाहिजे होती म्हणून. दुसऱ्यांदा सही समासात गेली म्हणून. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, आता अंगठा देऊ का? तर त्यांनी खरंच शाईचा पॅड पुढं सरकवला. हसले-बिसले नाहीत. असा माणूस. मुख्याध्यापकांचा रजेचा अर्जसुद्धा बिनतारखेचा म्हणून टेबलावर पडून राहायचा. पण दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की हाच माणूस पोरांच्या आडनावातल्या एका वेलांटीसाठी तहसीलच्या खेपा घालायचा. चुकीचं नाव गुणपत्रिकेवर एकदा आलं की जन्मभर पोराच्या मागं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आमचं पहिलं वर्ष भांडणात गेलं, दुसरं अबोल्यात, आणि तिसऱ्या वर्षापासून त्यांच्या डब्यातली भाकर मला हक्काची झाली.

मग कोरोना आला. शाळा बंद झाली, वसतिगृहातली पोरं एका दिवसात आपापल्या गावी गेली, आणि आम्ही मास्तर लोक ऑनलाइन शिकवायला लागलो. शिकवायला कसलं, डोंबल! मी घरात बसून फळ्याचे व्हिडिओ करायचे, ग्रुपवर टाकायचे आणि निळ्या खुणा मोजून हजेरी भरायचे. आतल्या गावांत रेंज नाही हे मला ठाऊक होतं. तरी भरायचे. शेवटी छापील स्वाध्याय गावोगावी पोहोचवायचं ठरलं, तेव्हा शिक्षकांच्या घरोघरी एकाएकी म्हातारे आईवडील आणि दमा निघाला. माझ्याही घरी निघाला. हनीफभाऊ आपल्या जुन्या लुनावर गठ्ठे बांधून निघाले. गावांनी रस्त्यावर आडवे बांबू बांधले होते, बाहेरच्याला आत मज्जाव. ते बांबूच्या अलीकडे दगडावर कागद ठेवायचे, मागं सरकायचे, पलीकडून पोरं येऊन उचलायची.

त्या पोरांत सगुणा होती. तिच्या गावातून दहावीला पोहोचलेली पहिली मुलगी. आई-बाप धानाची शेती करून हंगामात मोहफुलं, तेंदूपत्ता वेचणारे. सगुणा हुशार होती असं आज लिहिणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर गणितात ती बेताचीच होती, मात्र भारी चिकट. चुकलेलं गणित खोडायची नाही, त्याच्याखाली पुन्हा सोडवायची. प्रत्येक खेपेला ती बांबूपलीकडून हनीफभाऊंना एकच विचारायची, परीक्षा होईल ना? आणि हनीफभाऊ प्रत्येक खेपेला छातीठोक सांगायचे की होणारच. शाळा बंद होते, बस बंद होते, बोर्डाची परीक्षा बंद झालेली त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. ती अभ्यास करत राहिली. घरचं काम संपवून टेकडीवर रेंजला जायची, माझे ते रटाळ व्हिडिओ उतरवून घ्यायची.

परीक्षा रद्द झाली. सगळे पास. आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, मुख्याध्यापकांनी पेढे आणवले, मीही दोन खाल्ले. हनीफभाऊंनी पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि निकालाच्या यादीकडे बघत बसले. पोरं गुणपत्रिका घेऊन गेली, सगुणा आली नाही. महिना झाला तरी आली नाही, तेव्हा ते स्वतः घेऊन गेले.

परत आले ते थेट माझ्या घरी. दारातूनच सांगायला लागले. पोरगी घराच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेली असते. बोलत नाही, धड जेवत नाही, दिवसा झोपते आणि रात्री जागी असते. केस विंचरायला आईला जवळ येऊ देत नाही. गावातल्या काही पोरांनी कोरोनावाली दहावी, फुकटची दहावी म्हणून चिडवलं, ते निमित्त झालं असं आई म्हणते. गावच्या पुजाऱ्याकडून पाहून झालं होतं, आशाताईनं ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. हनीफभाऊंनी गुणपत्रिका पुढं केली तर तिनं ती हातातसुद्धा घेतली नाही. महिनाभरात बोलली नव्हती तेवढं बोलली.

"हे माझं नाई. मी काहीच देलं नाई, तर हे माझं कसं?"

आता मी काय केलं तेही लिहायला पाहिजे. त्याच महिन्यात मी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचं पाच दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं होतं, रंगीत प्रमाणपत्रही निघालं होतं. मी मोठ्या तयारीनं तिच्या गावी गेले. तिच्याशेजारी बसले, भावना व्यक्त कर म्हटलं, सकारात्मक राहा म्हटलं, दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. ती माझ्याकडे न बघता बसून राहिली आणि थोड्या वेळानं माझाच श्वास लागला. हनीफभाऊ लुनाजवळ उभे होते. येताना ते म्हणाले की हिला आधी डॉक्टरला दाखवू. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर भले निघाले. तिच्याशी अर्धा तास बोलले, औषध लिहून दिलं, दर पंधरा दिवसांनी घेऊन या म्हणाले, आणि तिला एकटी ठेवू नका हेही आईला नीट समजावलं. ती ने-आण हनीफभाऊंनीच केली, लुनाच्या मागं तिला आणि बापाच्या सायकलीवर आईला, असं काहीतरी जमवून. झोप सुधारली. पण बोलणं नाही, अकरावीचं नाव नाही.

अन् एक दिवस हनीफभाऊ म्हणाले, "बाई, मी त्या पोरीले शब्द देला होता. परीक्षा होईल म्हणून. आता ती घ्यावी लागते."

मला आधी थट्टाच वाटली. पण या माणसाला थट्टा येत नव्हती. गणित आणि विज्ञान हे दोन विषय, दोन्ही माझेच, म्हणून दोन पेपर ठरले. मी काढायचे, पाकिटात घालून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्यांच्या ताब्यात द्यायचे. त्यांनी फोटो चिकटवून, त्यावर शिक्का मारून तिचं प्रवेशपत्र तयार केलं आणि स्वतः नेऊन दिलं. तिनं ते घेतलं. आईनं सांगितलं, त्या संध्याकाळी तिनं वह्या बाहेर काढल्या.

पहिल्या पेपराच्या दिवशी शाळा अजून बंदच होती. हनीफभाऊंनी एक वर्ग झाडून घेतला, मधल्या रांगेतल्या बाकावर खडूनं क्रमांक टाकला, आणि नेहमीसारखी इस्त्री केलेली पांढरी पँट घालून दारात उभे राहिले. सगुणा आली ती केस विंचरून. तिच्या बापाला त्यांनी फाटकाबाहेर थांबवलं, परीक्षा केंद्रात पालकांना प्रवेश नसतो म्हणून. कंपास उघडून बघितला. पाकीट फोडायच्या आधी दोन सह्या लागतात, एक माझी घेतली, एक तिची. मग घंटा. तीन तास ते खुर्चीवर टेकले नाहीत. मध्येच एकदा बाहेर गेले आणि थोड्या वेळानं दार ढकलून आत आले, तिच्या बाकाखाली वाकून पाहिलं आणि पुन्हा दाराकडे वळले. मी खुणेनं विचारलं, हे काय? भरारी पथक, असं त्यांनी हळूच सांगितलं. सगुणानं मान वर केली नाही, पण ओठ जरा हलले असं मला वाटलं... नक्की सांगता येणार नाही.

विज्ञानात तिला अठ्ठावन्न पडले. गणितात एकतीस. मी तीनदा तपासलं, एकतीसच. पासाला पस्तीस. त्या उत्तरपत्रिकेसमोर मी बराच वेळ बसून होते. दोन महिने भिंतीला टेकून बसलेली पोरगी आत्ता कुठं उठली होती, आणि तिच्या हातात मी नापास ठेवणार? मी भूमितीच्या एका प्रश्नाला दोन, आलेखाला दोन असे चार वाढवले. अजूनही मला वाटतं की कोणत्याही बाईनं तेच केलं असतं.

हनीफभाऊंनी शिरस्त्याप्रमाणे फेरतपासणी केली. गणित त्यांना येत नव्हतं, पण माझा हात ते ओळखत होते. लाल आकडे दुसऱ्या बैठकीत टाकलेत हे त्यांना शाईवरून कळलं. ओरडले नाहीत. उत्तरपत्रिका माझ्यापुढं ठेवली.

"हे काऊन केलं, बाई? फुकटचं पास तर तिले सरकारनंच देलं होतं. त्याच्यासाठीच तर ती बसून राह्यली. आपन बी तेच देलं तर ती उठीन कशी?"

मी भांडले. तुम्हाला काय जातं, तिला काही झालं तर जबाबदार कोण, असंही बोलले. ते म्हणाले, आपण दोघं, आणि म्हणून डॉक्टरांना विचारून मगच सांगू. ते खरंच विचारून आले. मग आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. तिची आई दारात, बाप बाजूला, आणि हनीफभाऊंनी सरळ सांगून टाकलं, विज्ञान पास, गणितात एकतीस, चार कमी.

सगुणानं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. मग तिनं हात पुढं केला, पेपर मागितला, आणि उभ्याउभ्या पानं उलटायला लागली. एका पानावर थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. ती चिडली होती, चांगली तणतणून चिडली होती, माझ्यावर.

"बाई, हे उदाहरन बरोबर आहे. पायरी नाई लिहिली म्हणून मार्क काऊन कापले? मले परत बसायचं आहे."

मला आयुष्यात कोणाच्या भांडणाचा इतका आनंद झालेला नाही. मी तिथंच अंगणात बसून तिला पायरीचे गुण समजावले आणि ती मान्य करेना. परीक्षेनं आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही. तिची औषधं त्यानंतरही वर्षभर चालू होती, मधे वाईट दिवसही आले. पण दिवाळीनंतर तिनं पुन्हा पेपर दिला, अठ्ठेचाळीस मिळवले, आणि मग येऊन बोर्डाची गुणपत्रिका सही करून घेऊन गेली. एक वर्ष मागं पडून अकरावीला बसली. आता गडचिरोलीला नर्सिंग शिकते. हनीफभाऊंच्या मातीला ती आली होती, लांब बायकांत उभी होती.

हनीफभाऊ निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच आजारी पडले. शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते खाटेला लागले होते. आत जायच्या आधी भाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला ओसरीत थांबवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकलेत, महिना निघाला तरी खूप असं सांगितलंय. "उनको मत बताना, मैडम. उनके सामने मैं रोज़ हँसती हूँ." तीन आठवडे त्या एकट्या हे ओढत होत्या.

मी आत गेले. भाऊ वाळून काटकी झाले होते, पण नखं कापलेली, सदरा स्वच्छ. शाळेच्या गप्पा झाल्या. नव्या कारकुनाची चार गाऱ्हाणी मी रंगवून सांगितली. मग त्यांनी विचारलं, नागपूरचे डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला माहीत असेल. मी म्हटलं, अशक्तपणा आहे फक्त, पोळ्याच्या आत हिंडायला-फिरायला लागाल. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाई... सगुणाच्या पेपरात केलं तेच करून राह्यल्या ना तुम्ही?"

मी होकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, मग खरं सांगा. मी सांगितलं, डॉक्टरांनी म्हटलं होतं तेवढंच, कमी नाही की जास्त नाही. सांगताना माझा आवाज फाटला, त्यांनी तो सावरू दिला. मला भीती होती की ते भिंतीकडे तोंड करतील. त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले आणि मग उघडले.

"तिले आत बोलवा. तिले वाटते मले माहीत नाई. इतके दिवस एकटीच हासून राह्यली बिचारी."

मी भाभींना हाक मारली आणि बाहेर आले. चपला पायात सरकवत होते तेव्हा आतून आधी भाभींचं रडणं ऐकू आलं, आणि मग हळूहळू दोघांचं बोलणं.