हवालदाराचा लांब बट

पाचही गोळ्या टार्गेटच्या बाहेर! शांतवन रायफल खाली ठेवून नुसता टार्गेटकडे बघत होता.

बाहत्तरच्या दुष्काळातली दुपार. फायरिंग रेंजवर फुफाटा उडत होता. नगरच्या पोलीस हेडक्वार्टरला मी तेव्हा आर्मरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. शांतवन पारनेरकडचा बुटका, नवा शिपाई. अजून नोकरीत कायम झाला नव्हता. साहेबांनी बजावलं, "आणखी पाच देतो. चुकल्या तर घरी."

शांतवन माझ्याजवळ आला. "मी भूतबीत मानत न्हाई, दादा. चर्चला जातो. पन गोळी सुटताना कुनीतरी रायफल खांद्यावरनं वढतंय."

ती रायफल आमच्या सहा फुटी हवालदाराची. तो वारून आठ महिने झाले होते. आमच्याकडे गेलेल्याची रायफल पुढच्या माणसाला तशीच देत. मीही दिली. माप घेतलंच नाही, चूक माझीच.

बट म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. माप घेताना तो कोपराच्या खोबणीत धरला की बोट ट्रिगरवर नीट पोचायला हवं. आता माप घेतलं, तर शांतवनचं पोचेना. हवालदारासाठी मीच लांब बट बसवला होता. हा मान ताणून नेम धरायचा आणि बट सरकायचा.

"बट बदलून नेम लागतो होय?" साहेब हसले. "उद्या म्हणाल, बूट बदलून लागतो!"

"अर्धा तास द्या, साहेब."

बटाच्या मागे पितळी झाकण असतं. आत तेलाची बाटली ठेवतात. उघडलं तर तंबाखूचा भपकारा! आत चुन्याची डबी होती, वर हवालदाराचं नाव कोरलेलं. गेल्याच महिन्यात मी आतून पुसलं होतं. तेव्हा डबी नव्हती.

"मी तंबाखू खात न्हाई, दादा," शांतवन मागे सरकत म्हणाला.

डबी उघडली. चुना ओला होता. त्या उन्हात माझा चुना दोन दिवसांत खडू व्हायचा. मी डबी मिटून परत आत सारली आणि झाकण लावलं.

कसाबसा आखूड बट बसवला. शांतवन आडवा झाला. पाचही गोळ्या टार्गेटवर, चार तर अगदी मधोमध! पोरगा तिथेच रडला. साहेबांनी पास लिहिलं.

"आता तो लांब बट दुसऱ्या एखाद्या उंच शिपायाला द्या," साहेब म्हणाले.

मी रजिस्टरात लिहिलं, 'तडकलेला, निकामी.' तडा कुठेच नव्हता. नोकरीतली माझी पहिली खोटी नोंद.

मापाचा बट बसवला की नेम सुधारतो, हे मी छातीठोक सांगतो. त्यापुढचं मला विचारू नका.