ताठ गुडघा

मैदानात उतरताना कबड्डीचा खेळाडू वाकून मातीला हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. जिल्हा संघाच्या निवड चाचणीत काल वैशाली उतरली, तेव्हा मी तेवढंच पाहत राहिले. बाकीच्या मुली गुडघे मुडपून पटकन टेकल्या. ही पाय ताठ ठेवून कमरेतून वाकली.

चढाईला तिच्यासारखी पोरगी मी दुसरी पाहिलेली नाही. रंगात असली की पकडणाऱ्यांच्या हाती नुसती हवा येते. पण दर हंगामात ती जायबंदी होते, आणि यादीत नावं बाराच बसतात.

शेजारी बसलेले निवड समितीतले सर म्हणाले, "खेळ सोन्यासारखा आहे हो, पण गुडघ्याचं काय? तुमच्याच हाताखालची ना? तुम्हीच सांगा."

चार वर्षांपूर्वीही मीच सांगितलं होतं. कॉलेजचा अंतिम सामना होता, तिचा गुडघा सुजला होता. "पट्टी बांध आणि उतर, पाच मिनिटं तर राहिलीत." ती उतरली. तो चषक अजून माझ्या कपाटावर आहे. आपण ज्याला मोडतो, त्यालाच पुढे नाजूक म्हणायला लागतो.

चाचणी संपल्यावर ती आली. "बाई, आता अजिबात दुखत नाही," म्हणाली आणि माझ्या पाया पडायला वाकली, तशीच, कमरेतून. मी खांद्याला धरून तिला मध्येच उठवलं. तिला ती माया वाटली असावी. दुसऱ्या हातातली यादी मी पालथी धरली होती. तिच्या नावावरची काट माझ्याच पेनाची होती.