डाव्या हातानं प्यालेलं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून मी फक्त माझं वजनच लपवतो, असा तिचा समज आहे.

माझं काम संशयाचं. आरोपीला आपल्यावरचा खटला कळतो का, वकिलाशी धड बोलता येतं का, हे तपासून मी सरकारी मनोरुग्णालयातला मानसतज्ज्ञ म्हणून कोर्टाला अहवाल देतो. येणाऱ्यांतले काही वेड पांघरून पेडगावला निघालेले असतात. त्यामुळे खोडच लागली — बोरीवलीच्या घरी मुलीचं पोट दुखलं, तरी मी आधी तिच्या परीक्षेचं वेळापत्रक बघतो. हसा. घरचेही हसतात.

सखाराम साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथ चालवायचा. मुकादमाचं डोकं फोडल्याचा आरोप. न्यायाधीश कोण असतो, असं विचारलं तर म्हणाला, "आमच्या गावचो राखणदार." म्हणजे गावाचं रक्षण करणारा देव. मला वाटलं — उत्तर जरा जास्तच पाठ केलेलं आहे! मीही त्याच्यासारखाच मूळचा मालवणकडचा. आमच्याकडची सोंगं मला नाही कळणार?

मग मी माझी जुनी युक्ती काढली. तो पाणी पीत होता, उजव्या हातानं. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं मी शिपाईमामांना म्हटलं, "खरा आजारी माणूस पेला डाव्या हातानं धरतो, मामा." असलं काही शास्त्रात नाही. सापळा होता. पुढचे दोन दिवस त्याच्याशी मालवणीत गप्पा मारल्या — पेज, फणस, जत्रा. तिसऱ्या दिवशी त्यानं पेला डाव्या हातानं उचलला. काय आनंद झाला मला! 'सोंग करतो. खटल्यास सक्षम.' लिहिलं, पाठवलं.

नंतर त्याची बहीण शेवंती भेटायला आली. मी — हुशारी मिरवायला, दुसरं काय? — विचारलं, भाऊ डाव्या हातानं पाणी कधीपासून पितो?

"जल्मापासून डावरो तो," ती म्हणाली. "पण मोठ्या मानसांफुडे उजव्याच हातान पिता. तुमच्याफुडे डाव्यान प्यालो? म्हणजे तुमका आपलो मानल्यान!"

माझ्याशी तो मोकळा झाला होता — आणि मी त्यालाच सोंग म्हटलं होतं.

सुनावणीला आठवडा होता. एक पान लिहायचं होतं — माझी चाचणी चुकली, पुन्हा तपासा. का नाही लिहिलं? नोकरी काही जाणार नव्हती. पण 'ह्यांना कुणी फसवू शकत नाही' असं आमच्या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर चारचौघांत म्हणायचे, आणि ते मला गोड लागायचं. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

कोर्टात सखारामनं प्रत्येक प्रश्नाला हात जोडून एकच म्हटलं — "व्हय म्हाराजा." देवापुढं गाऱ्हाणं घालताना गावकरी म्हणतात, तसं. गुन्हा कबूल? व्हय म्हाराजा. स्वखुशीनं? व्हय म्हाराजा. तो कुणापुढं उभा आहे असं त्याला वाटत होतं, ते त्या खोलीत मला एकट्यालाच कळत होतं. मी मागच्या बाकावर बसून राहिलो. शिक्षा झाली.

बाहेर शेवंतीनं मलाच हात जोडले. "आपलो मानूस होतो म्हणान धीर होतो," म्हणाली.

मी म्हटलं, "कधी घराक येवा."

पत्ता दिला नाही.