मालकाचं ठिय्या आंदोलन

"भावोजी, उठा. माल तयार आहे," जयेश म्हणाला.

मी उठलो नाही. माझ्याच घराच्या होऊ घातलेल्या गॅलरीत, सळ्यांच्या जाळीवर एक घमेलं पालथं घालून मी बसलो होतो. खाली मिक्सर घुमत होता. नारळ फुटला होता. मटण शिजत होतं. आणि हेंद्रेपाड्यातली आमची अर्धी गल्ली माना वर करून बघत होती, की ऐन स्लॅबच्या दिवशी मालकाला झालंय काय.

मी सिव्हिल इंजिनिअर. कल्याणपासून बदलापूरपर्यंत बिल्डरांच्या साइट सांभाळण्यात आयुष्य गेलं. साइटवर मी 'थांबा' म्हटलं की काम थांबतं. निदान मी तिथून हलेपर्यंत तरी थांबतं. पण स्वतःचं घर बांधायला काढलं आणि पहिल्याच दिवशी माझी पायरी उतरली. मी मालक झालो. साइटवर सगळ्यात कमी ऐकलं जातं ते मालकाचं. तो चहा मागवतो, उन्हात उभा राहतो आणि अधूनमधून 'हे असं का?' म्हणून विचारतो. त्याला 'बघतो साहेब' एवढं म्हटलं की पुरतं.

त्यातून कॉन्ट्रॅक्टर म्हणजे जयेश, माझा मेव्हणा. सुनीताचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. कामाला वाईट नाही. पण त्याच्या लेखी मी इंजिनिअर नव्हतोच, भावोजी होतो. भावोजींना पहिला चहा द्यायचा असतो. त्यांचं ऐकायचंही असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे रोज नवा वैताग. वाळूची गाडी शेजाऱ्यांच्या फाटकासमोर रिकामी झाली आणि जाता जाता तिथला रस्ता खचवून गेली. शेजारी माझ्याशी बोलायचे बंद झाले. पाण्याचा टँकर यायचा तो नेमका साइटवर कोणी नसताना. प्लंबर रोज 'अंबरनाथला आहे, दहा मिनिटांत पोचतो' असं सांगायचा आणि मागे त्याच्या घरचा कुकर शिट्ट्या मारायचा. उल्हासनगरला फरशी बघायला गेलो, तर दुकानदाराने मी पसंत केलेली फरशी बाजूला सारली आणि म्हणाला, "साईं, ये आपके लिये नहीं है, भाभीजी को बुलाओ." हे सगळं मी गिळलं. घर बांधायचं तर गिळावंच लागतं.

पण गॅलरीची सळी मला गिळता येईना.

आता हे सळीचं प्रकरण सोपं करून सांगतो. काँक्रीट दाब सोसायला दणकट, पण ताण आला की चिरतं. म्हणून जिथे ताण येतो तिथे लोखंडी सळी घालतात. खोलीचा स्लॅब मध्ये खाली वाकू बघतो. त्याला ताण खालच्या अंगाने, म्हणून सळीही खाली. गॅलरीचं उलटं. तिला पुढे खांब नसतो, ती नुसती भिंतीबाहेर आलेली असते. भरलेली बादली हात लांब करून धरून बघा, खांद्याला वरून ओढ बसते. गॅलरीचंही तसंच, म्हणून तिची सळी वर हवी. ती वर राहावी म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळीचे तुकडे उभे करतात. त्यांना आम्ही चेअर म्हणतो.

आदल्या संध्याकाळी मी स्वतः सगळं तपासलं होतं. सळी वर, चेअर जागच्या जागी. सकाळी इलेक्ट्रिशियन आला. गॅलरीखालच्या दिव्याचा पाइप टाकायला चेअर आड येत होत्या. जयेशने त्या काढून दिल्या. बरं, काढल्या तर काढल्या, आतल्या खोलीत चार कमी पडत होत्या, तिथे नेऊन लावल्या. मग त्या जाळीवरून सगळ्यांनी ये-जा केली आणि सळी खाली तळाला जाऊन बसली.

"जयेश, हे उचलून घे. मगच माल टाक."

"भावोजी, एवढ्याने काय होत नाय. मी इतकी कामं केली, एक गॅलरी पडली नाय अजून."

"पडेपर्यंत एकही पडलेली नसते."

"गँगला उद्या वांगणीचा स्लॅब आहे. आज उशीर झाला तर ते निघून जातील. टेन्शन नका घेऊ तुम्ही."

मी मुकादमाकडे वळलो. मशीन बंद करायला सांगितलं.

"साब, सेठ बोलेगा तो बंद होगा."

"सेठ कौन?"

त्याने जयेशकडे बोट दाखवलं.

"अरे, घर मेरा है."

"हां साब, वो तो है," तो म्हणाला आणि मशीनकडे गेला.

मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. अशी गॅलरी टेकू काढल्याबरोबर पडेलच असं नाही. कधी कधी ती वर्षानुवर्षं उभी राहते. मग एखाद्या दिवशी समोरून वरात जाते, सगळं घर बघायला गॅलरीत येतं आणि त्या दिवशी ती जाते. एकदा काँक्रीट पडलं की सळी कुठे आहे हे कोणाला दिसत नाही. मला मात्र रोज दिसलं असतं. नोकरीत मी रिजेक्शनचा शेरा मारला असता. इथे शेरा मारणार कुठे? म्हणून घमेलं घेतलं आणि बसलो. मालकावर काँक्रीट ओतायची पद्धत अजून आलेली नाही.

"साब, अब तो आपही सरिया दबा रहे हो," मुकादम म्हणाला.

"अजून कुठे दबणार? तळाला गेलीय ती."

शेवटी शिडीवरून सुनीता वर आली. ओढणी कमरेला खोचलेली, हाताला वाटणाचा वास.

"काय तमाशा लावलाय दोघांनी? खाली लोकं मला विचारतात, साहेब रुसलेत का म्हणून."

"ताई, तूच सांग यांना. सळी जरा खाली गेली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही, गॅलरी," मी म्हणालो.

तिने मला गप्प बसायची खूण केली. मग भावाकडे वळून विचारलं, "जयू, तुझ्या घरच्या गॅलरीत सळी कुठेय?"

जयेशने मिक्सरकडे बघितलं. "वर."

"चेअर काढल्या होत्यास?"

"तिकडची गोष्ट वेगळी, ताई."

"वेगळी कशी? आई आता आमच्याकडे राहायला येणार. संध्याकाळची इथेच खुर्ची टाकून बसणार. खाली कांदा चिरतेय ती. जा, तिला सांग, सळी तळाला आहे पण काय होत नाय. ती हो म्हणाली तर भर."

जयेश काठाशी गेला आणि खाली ओरडला, "मशीन बंद कर रे."

मशीन लगेच बंद झालं. मला तासभर उन्हात बसून जे जमलं नव्हतं, ते असं झालं.

मिक्सरमधला तयार माल वाया जाऊ नये म्हणून शेजाऱ्यांच्या फाटकासमोरच्या खड्ड्यात ओतला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलतात. गँगला निघून जायचं कारण राहू नये म्हणून सुनीताने मटण आधीच वाढलं. एरवी ते स्लॅब भरून झाल्यावर असतं. तोवर जयेशने स्वतः नव्या चेअर वाकवल्या, सळी उचलून बांधली, वरून चालायला फळ्या टाकल्या. मी टेप लावून मोजलं आणि हो म्हटलं. जेवून सुस्तावलेल्या गँगकडून स्लॅब भरून घ्यायला अंधार पडला, पण भरला.

आता आम्ही तिथे राहतो. गॅलरीला केसाएवढी चीर नाही. सासूबाई संध्याकाळी तिथे बसून गल्लीतल्या प्रत्येकाची चौकशी करतात. जयेश नवीन गिऱ्हाइकांना मुद्दाम घर दाखवायला आणतो. "ही गॅलरी बघा," तो म्हणतो. "सळी वर राहावी म्हणून चालू मशीन बंद केलेलं मी. भावोजींना घाई होती, पण मी ऐकलं नाय."

मी त्याचं बोलणं खोडत नाही. सळी वर आहे, ते पुरे. नात्यातल्या माणसाला घराचं काम देऊ नये, असं मला पुष्कळांनी सांगितलं होतं. मी सांगतो, खुशाल द्या. फक्त त्याच्या आईची बसायची जागा कुठली, हे त्याला स्लॅबच्या आधी दाखवून ठेवा.