गमू दे रे म्हाराजा

देवाशी बोलताना आवाज खाली आणायचा असतो, हे आबांना कुणी शिकवलंच नव्हतं. नारळ समोर ठेवायचा, हात जोडायचे आणि अख्ख्या तोंडवली गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची, याला ते गाऱ्हाणं घालणं म्हणत. एकानं सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होकार द्यायचा, ही इथली रीत. कुणाकडे फ्रिज आला, आबा हजर. होडीला इंजिन बसलं, आबा हजर. शेजारच्या बाबल्याच्या नव्या मोटरसायकलपुढे त्यांनी मागितलं, “ह्येना काल बायलेक मिटिंग म्हणान सांगल्यान नि बारात जावन बसलो. ह्येका बुद्धी दी रे म्हाराजा.” सगळे भक्तिभावानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. बाबल्याची बायको सर्वांत मोठ्यानं.

मी लातूरची. इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून आले आणि आबांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मासळीचा वास सोसेना, बोलणं कळेना, आणि दमट हवेनं माझ्या शेंगदाण्याच्या चटणीला बुरशी आणली. रोज संध्याकाळी विहिरीपाशी बसून मी आईला फोन करायची आणि पोटभर रडायची. दिवाळीला राजीनामा द्यायचा हे पक्कं होतं. हे कुणाला ठाऊक नाही असं मला वाटे. विहिरीत आवाज घुमतो हे लातूरकरणीला कुठून कळणार?

गणपतीत आरती झाली. आबांनी नारळ ठेवला.

“बा देवा म्हाराजा, ही आमची लातूरची बाई. रोज सांजेक बावीकडे बसान आवशीक फोन करता नि रडता. रांधता काय ता तुकाच म्हायत. तिका हंय गमना नाय. तिका हंय गमान दी रे म्हाराजा.”

गमणं म्हणजे करमणं, जीव रमणं. ‘व्हय म्हाराजा’ झालं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. प्रसाद वाटून होताच मी आबांना गाठलं. “माझं खासगी असं गावापुढे मांडायचं काही कारण होतं का हो?”

“गुपचूप मागलंय तर व्हय कोण म्हणतलो गो?” आबा म्हणाले आणि मोदकाकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं आपापल्या ‘व्हय’ला जागायला लागली. कुणी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणून दिल्या, वर त्या कशा उघडायच्या तेही दाखवलं. बाबल्याची बायको तर नेमकी माझ्या रडायच्या वेळेला यायची आणि मला समुद्रावर ओढत न्यायची. आबा रोज माझी ज्वारीची भाकरी खाऊन नावं ठेवत आणि दुसरी मागत. दिवाळी कधी येऊन गेली कळलंही नाही. शेवटी आईचाच फोन आला, “जिवंत आहेस का?” मी म्हणाले, “नंतर करते गं, बांगडे जळतायत.”

मग आबांचे गुडघे गेले. मुलगा त्यांना डोंबिवलीला न्यायला आला. निघताना नारळ ठेवला, पण आबांनी हात जोडले नाहीत. “आपला गाऱ्हाणा आपण नाय घालूचा. बाई, तू घाल.”

मी हात जोडले आणि आबांसारखीच ओरडले. “देवा म्हाराजा, आबा मुंबैक चलले. तेंका थंय अजिबात गमान देव नको रे म्हाराजा!”

मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पहिलं ‘व्हय म्हाराजा’ आलं ते खुद्द आबांचं.

महिन्याभरात त्यांचा फोन आला. “लागला गो तुझा गाऱ्हाणा. हंय लिफ्टीत नारळ ठेवलंय, तर वॉचमन धावत इलो.” गणपतीला नक्की येतो म्हणाले. गणपतीच्या आधी ते गेल्याचीच बातमी आली. त्या दिवशी मी पुन्हा विहिरीपाशी बसून रडले, पण या वेळी सोबतीला निम्मं गाव होतं.

यंदा आरतीनंतर नारळ माझ्यापुढे आला.

“बा देवा म्हाराजा, आबा आता तुझ्याकडे इले आसत. मोठ्यान बोलतले, सवय करून घे. तुझा गुपित काय आसात तर लपवन ठेव. मागचा मागणा आमी परत घेतो. तेंका थंय गमान दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

आबांना ऐकू जाईल इतकं मोठं ते नव्हतं. मी पुन्हा म्हणायला लावलं.